बस धावली, पगाराचे काय?

टाळेबंदी म्हटले की ओस पडलेले रस्ते डोळ्यांपुढे येतात. मार्च २०२० मध्ये मुंबईतील रस्ते मात्र पूर्णतः ओस नव्हते. २३ मार्चपासून उपनगरी लोकल थांबली, त्यानंतर दोनच दिवसांनी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि रुग्णालयांतील कर्मचारी, पोलीस, सफाई कामगार, वीज व पाणीपुरवठा विभागांतील माणसे कामावर पोहोचविण्याचा भार प्रामुख्याने बेस्टच्या बसवर पडला. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी लोकल पुन्हा धावू लागली ती १५ जूनला. तोपर्यंतचे सुमारे बारा आठवडे शहराचा गाडा ओढणाऱ्यांत बेस्टचे चालक आणि वाहक अग्रभागी होते. त्यांपैकी अनेकांना करोनाची बाधा झाली, काहींचा बळीही गेला. त्यांच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले. मात्र बस धावते तेव्हा आणि ती आगारात उभी राहते तेव्हा चालकाचा पगार नेमका कोणाच्या खिशातून यावा, हा प्रश्न तेव्हाही टाळला गेला आणि आजही तो अनुत्तरितच आहे.

शहर बससेवेचे अर्थकारण मुळातच नाजूक असते. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले, ते महापालिकेच्या अनुदानाच्या भरवशावर. टाळेबंदीत तिकिटाचे उत्पन्न आटले, पण खर्च त्या प्रमाणात घटला नाही. ८ जून २०२० पासून सर्वसामान्यांना प्रवेश मिळाला तोही एका आसनावर एक प्रवासी आणि पाच उभे, या अटीवर. गाडी निम्मी रिकामी असली म्हणून डिझेल निम्मे लागत नाही आणि चालकही अर्धा पुरत नाही. उलट, तेवढ्याच प्रवाशांना नेण्यासाठी अधिक गाड्या सोडाव्या लागतात. अर्थात, ज्या काळात बसची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच काळात तिची कमाई सर्वांत कमी. तिकिटाच्या पैशावर पगार भागवावा, ही कल्पना अशा वेळी कोलमडणारच.

या संकटाची झळ सर्व चालकांना सारखी बसली नाही. बेस्टच्या कायम कर्मचाऱ्यामागे महापालिका उभी होती. एसटीच्या कर्मचाऱ्यामागे तसा आधार नव्हता. दैनंदिन तिकीटविक्रीवर विसंबलेल्या महामंडळात पगार महिनोन्‌महिने रखडले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, राज्य सरकारला आर्थिक मदत जाहीर करावी लागली. याच एसटीच्या गाड्या त्या वर्षी मुंबईकरांच्या मदतीलाही धावल्या होत्या! सर्वांत असुरक्षित होता तो भाडेतत्त्वावरील गाडीचा चालक. या व्यवस्थेत गाडी कंत्राटदाराची, चालकही त्याचाच आणि मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. अशा करारांत बहुधा ठरावीक किलोमीटरची हमी असते. पण आपत्तीच्या काळात ती स्थगित करण्याची पळवाटही असते. गाडी थांबली की कंत्राटदाराचे देयक थांबते आणि त्याचा पहिला घाव चालकाच्या पगारावर पडतो.

कायद्याचा आधारही अल्पजीवी ठरला. कर्मचाऱ्यांचे वेतन कापू नये, असा आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी काढला, पण १८ मेपासून तो मागे घेण्यात आला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगार यांनी वाटाघाटींतून मार्ग काढावा, असे सुचविले. कारखानदार आणि संघटित कामगार यांच्यात कदाचित तसा मार्ग निघेलही. पण ज्याचा मालक कंत्राटदार आणि कंत्राटदाराचा धनी महापालिका, त्या चालकाने वाटाघाट करायची कोणाशी?

उभ्या गाडीचे पैसे करदात्याने का भरावेत, हा आक्षेप गैरवाजवी नाही. मात्र अग्निशमन दलाचा बंब आग नसताना उभाच असतो, म्हणून जवानांचा पगार कोणी कापत नाही. तेथे पैसे मोजले जातात ते सज्जतेचे. लंडनमध्ये बस खासगी कंपन्या चालवितात. तिकिटाचे उत्पन्न मात्र सार्वजनिक यंत्रणेकडे जाते आणि कंपन्यांना करारानुसार मोबदला मिळतो. एप्रिल २०२० मध्ये चालकांच्या संरक्षणासाठी पुढच्या दाराने चढणे बंद झाले आणि काही आठवडे बसभाडे घेतलेच गेले नाही. मे महिन्यात ब्रिटिश सरकारने या यंत्रणेला १.६ अब्ज पौंडांचे साहाय्य दिले. त्यासोबत भाडेवाढीसारख्या जाचक अटी आल्या आणि तेथेही अनेक चालकांनी प्राण गमावले, हे विसरता येत नाही. तरीही सेवा चालू ठेवायची तर तिची किंमत सरकारी तिजोरीने मोजायची, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

आपल्याकडे प्रवास उलट दिशेने झाला. बेस्टच्या मालकीच्या गाड्या घटत गेल्या आणि भाडेतत्त्वावरील गाड्यांची संख्या त्यांहून अधिक झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी वेतनवाढीसाठी सुमारे आठवडाभर काम बंद ठेवले, तेव्हा प्रवाशांचे अतोनात हाल झाले. मे २०२५ मध्ये किमान भाडे दहा रुपये झाले. पण भाडे दुप्पट केले तरी, प्रवासीच नसतील तेव्हा त्याचा उपयोग शून्य.

म्हणूनच उपाय करारात शोधायला हवा. मोबदल्याचे दोन भाग करावेत: गाडी आणि चालक सज्ज ठेवण्याचा स्थिर भाग, आणि धावलेल्या किलोमीटरचा बदलता भाग. स्थिर भागातील वेतनाची रक्कम थेट चालकाच्या बँक खात्यात गेल्याचा पुरावा दिल्याशिवाय कंत्राटदाराचे पुढील देयक मंजूर करू नये. आपत्काळासाठी महापालिकेने अर्थसंकल्पात किमान तीन महिन्यांच्या वेतनाचा राखीव निधी ठेवावा. हा खर्च थोडा नाही, हे खरे. पण पुढचे संकट साथीचे असो वा महापुराचे, त्या दिवशी परिचारिकेला रुग्णालयात पोहोचवायला बस लागणारच आहे. ती चालविणाऱ्याने घरच्या चुलीची चिंता उराशी घेऊन चाकामागे बसावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार शहराला नाही.