नफा कंपनीचा, जोखीम स्वाराची

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगली-मिरज रस्त्यावर रात्री आठनंतर पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन धावणाऱ्या तरुणांच्या दुचाक्या पाहाव्यात. बहुतेकांच्या नंबराच्या पाट्या पांढऱ्या, म्हणजे वाहन खाजगी. दुचाकी कर्जाने घेतलेली, पुष्कळदा वडिलांच्या नावावर. पेट्रोल, टायर, विम्याचा हप्ता सारे घरचे. झोमॅटो, स्विगी यांच्या लेखी हा तरुण नोकर नव्हे, 'भागीदार' आहे. नफ्यात वाटा नाही आणि दर ठरविण्यात मत नाही, असा हा भागीदार!

या शब्दच्छलाचे मोल अपघाताच्या दिवशी कळते. खाजगी दुचाकीच्या विमापत्रात वापराची मर्यादा छापलेली असते: मोबदल्यासाठी वापर आणि मालाची वाहतूक यांना संरक्षण नाही. जेवण पोचविताना पादचाऱ्यास धडक बसली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली दावा होतो तो चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्यावर. शर्तीचा भंग सिद्ध झाल्यास, जखमीला आधी भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायाधिकरण विमा कंपनीस देऊ शकते. मालक म्हणजे कोण? तो तरुण, किंवा गावाकडे ऊस-हळद लावणारा त्याचा बाप. कंपन्या जो गट अपघात विमा दाखवितात तो स्वाराच्या देहापुरता. धडक बसलेल्या माणसाचे देणे त्यातून फिटत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांवर उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदानाचे बंधन घातले, हे पुढचे पाऊल खरेच. ही फट मात्र त्याने बुजत नाही.

'मालकच निश्चित नाही, तर जबाबदारी कोणाची?' हा प्रश्न या जिल्ह्यांना नवा नाही. मुंबईच्या बाजारांत ओझी वाहणाऱ्या इथल्याच माणसांपुढे तो होता. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमालाचा एकच मालक शोधीत न बसता त्या कायद्याने मंडळे नेमली, मजुरीवर लेव्ही बसविली आणि ती मंडळाकडे भरावयास लावली. आज तर प्रत्येक खेपेची नोंद कंपनीच्या संगणकात मिनिटागणिक असते. दर ऑर्डरीमागे लेव्ही घेऊन, धंद्यातला वापर आणि तिऱ्हाइताची भरपाई या दोन्हींचा विमा मंडळाने उतरविण्यास अडचण ती कोणती? साताऱ्या-सांगलीतील कार्यकर्त्यांनी तूर्त स्वारांची विमापत्रे गोळा करावीत आणि त्यांतली वापराच्या मर्यादेची ओळ त्यांना वाचून दाखवावी.