पेणचा पेनड्राइव्ह

आमच्या घराण्यात कुणाचा संगणक रुसला की फोन मला येतो. मी यातलं काही शिकलेलो नाही, हे सगळ्यांना सांगून झालंय. पण २००३ साली मी एका मावसबहिणीच्या लग्नाची आहेराची यादी एक्सेलमध्ये करून दिली, खाली बेरीज आपोआप आली, आणि तेव्हापासून मी घराण्याचा 'कॉम्प्युटरवाला' झालो तो झालोच. प्रिंटर कागद खातो, फोटो उलटे दिसतात, अक्षरं अचानक मोठी झाली, काहीही असो. "तू पेणला आहेस ना? मग येताना बघून जा."

मीही जातो. खुर्ची ओढतो, "सरक जरा" म्हणतो, चार ठिकाणी टिचक्या मारतो, "झालं" म्हणतो आणि चहा पितो. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण लोकांना मदत करतोय.

तर झालं काय, नोव्हेंबर २०२५ मध्ये रोह्याहून आत्याचा फोन आला. नेहमीसारखा "अरे, ते गोल गोल फिरतंय" असा नव्हता. "अरे, नानांचं सगळं गेलं रे," एवढंच म्हणाली.

नाना म्हणजे आत्याचे यजमान. २०२२ मध्ये गेले. आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी, मराठी टंकलेखनाचा हात असा की टाइपरायटरकडे न बघता बोलत बोलत पान संपवत. निवृत्तीनंतर मुलाने संगणक घेऊन दिला आणि नाना आठवणी लिहायला बसले. धावीर महाराजांच्या पालखीच्या, कुंडलिकेच्या पुरांच्या, जुन्या बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या. दहा-बारा वर्षं लिहीत होते. कुणाला फारसं वाचायला देत नसत. "पूर्ण होऊ दे," म्हणायचे.

पेणहून रोहा लांब नाही. कासू, नागोठणे, निडी की आलंच. गाडीत बसल्यावर मी मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घालत होतो. आत्याने फोनवर सांगितलं होतं ते असं: विंडोज १० संपलं अशी बातमी तिने वाचली, संगणक हळूही झाला होता, म्हणून तिने तो दुकानात पाठवला. दुकानदाराने सांगितलं, फॉरमॅट मारून नवं टाकून देतो.

घरी पोचल्यावर मी विचारलं, "आत्या, त्याने विचारलं नाही का, आत काही महत्त्वाचं आहे का म्हणून?"

"विचारलं की," ती म्हणाली. "मी म्हटलं, माझं काही नाही त्यात."

हे ऐकून शिव्या घशातच राहिल्या. तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. संगणक नानांचा, लिहायचे नाना. ती त्यावर फक्त नातवाशी व्हिडिओवर बोलायची आणि पंचांग बघायची. नानांचं लिखाण डेस्कटॉपवरच्या एका पिवळ्या फोल्डरमध्ये आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला माहीत होतं तो तीन वर्षं तिच्याकडे येऊन "सरक जरा" म्हणत होता.

मंडळी, संगणकाच्या 'सोप्या युक्त्या' सांगणारे ढीगभर लेख आपण वाचतो आणि एकमेकांना पाठवतो. कंट्रोल झेड दाबा, अमुक साफ करा, वेग दुप्पट करा. माझं आता स्पष्ट मत झालंय की घरगुती संगणकाच्या बाबतीत वेगाची चर्चा दुय्यम आहे. यंत्र बाजारात पुन्हा मिळतं, आतलं मिळत नाही. म्हणून घरातल्या मोठ्या माणसांना पहिला धडा द्यायचा तो असा: आपलं काय आहे, ते कुठे आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे. बाकी सगळं नंतर.

आधी त्या 'फॉरमॅट'बद्दल. आपल्याकडे हा रामबाण उपाय समजला जातो. ताप आला, फॉरमॅट. खोकला आला, फॉरमॅट. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला हे खरं, पण त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. सुरक्षेची नवी अपडेट येणं थांबलं, आणि घरगुती वापरासाठी नोंदणी करून वर्षभराची वाढीव मुदत घेण्याची सोयही दिलेली होती. घाई नव्हती. फॉरमॅट करताना सहसा सी ड्राइव्ह पुसला जातो, आणि डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही मुळात सी ड्राइव्हवरच असतात. समोर दिसतं म्हणून डेस्कटॉप सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात फॉरमॅटमध्ये पहिला बळी त्याचाच जातो.

आणि हळू चालण्याला बहुतेक वेळा साधी कारणं असतात. पहिलं, नुसतं 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे 'रीस्टार्ट' नव्हे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली, तिच्यामुळे बंद करतानाची काही अवस्था जपून ठेवली जाते. रीस्टार्टने मात्र सगळं नव्याने सुरू होतं. महिनोन्महिने रीस्टार्ट न केलेले संगणक मी पाहिलेत. दुसरं, संगणक सुरू होताना आगंतुक प्रोग्रॅम आपोआप उठून बसतात. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत जाऊन नको ते बंद करता येतात. तिसरं, डिस्क काठोकाठ भरलेली असते. आणि कोपऱ्यातून सारख्या 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' अशा पाट्या येत असतील, तर बऱ्याचदा तो व्हायरस नसतोच. कधीतरी कुठल्यातरी साइटने 'सूचना पाठवू का?' विचारलेलं असतं आणि आपण 'अलाऊ' दाबलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढली की शांतता.

तशा पाटीवरच्या नंबरावर फोन मात्र कधीही करायचा नाही. कुणी फोन करून 'हे अॅप टाका, मी इथून दुरुस्त करतो' म्हणाला, तर तो तुमच्या घरात शिरतोय असं समजायचं. अनोळखी माणसाला आपण दारातूनच परत पाठवतो, मग पडद्यावर का बसवायचं? तरीही पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

असो. नानांकडे येतो.

पुसलेलं परत मिळतं का? कधी कधी. झटपट फॉरमॅटमध्ये मजकूर लगेच नाहीसा होत नाही, फक्त त्याची अनुक्रमणिका फाडली जाते. पण त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की संपलं. म्हणून चुकून काही पुसलं गेलं तर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे काहीही न करणं. संगणक बंद करून ठेवायचा. हल्लीच्या एसएसडी डिस्कमध्ये तर पुसलेलं परत मिळण्याची आशा फारच कमी. आत्याकडे जुनी हार्ड डिस्क होती, पण तिच्यावर नवी विंडोज चढली होती आणि आठवडाभर नातवाशी गप्पाही झाल्या होत्या. मी दोन रात्री बसून शोधलं. थोडे फोटो आले, काही अर्धेच. लिखाण नाही.

मग आठवलं. नानांनी एकदा मला काहीतरी पाठवलं होतं. माझ्या मेलमध्ये शोधलं तर सापडलं: २०११ सालचा मेल, सोबत एकोणीस पानांची फाइल. 'सवडीने बघ.' मी ती तेव्हा उघडलीही नव्हती. चौदा वर्षांनी उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भुसकट!

जुन्या ब्लॉगवाल्यांना कारण लगेच कळेल. नाना टाइपरायटरवाले, म्हणून कृतिदेव वापरायचे. अशा जुन्या फाँटमध्ये मराठी दिसतं, पण आत मराठी नसतं. आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिलं की आत साठतं 'एच-के-के-जे-आर'. फाँट काढून घेतला की राजा उघडा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे, म्हणून ते कुठल्याही यंत्रावर मराठीच राहतं. घरात कुणाच्या जुन्या कविता, हिशेब, वंशावळी अशा फाँटमध्ये असतील, तर त्या आजच युनिकोडमध्ये बदलून ठेवा. त्यासाठी परिवर्तक फुकट मिळतात.

परिवर्तकाने नव्वद टक्के काम केलं. रफार आणि जोडाक्षरं मात्र विस्कटली. मग आत्याला शेजारी बसवलं. मी अडखळत वाचायचो आणि ती चष्मा न लावताच दुरुस्त करायची, कारण गोष्टी तिने नानांच्या तोंडून शंभरदा ऐकल्या होत्या. एका ठिकाणी मी थांबलो तर म्हणाली, "पुढे वाच, पालखीला पोलीस मानवंदना देतात ते आहे तिथे." खरंच तेच होतं. एकोणीस पानं वाचली. पुढच्या दहा वर्षांचं जे काही होतं ते गेलं. किती पानं होती, तेही आता कळणार नाही.

प्रतींबद्दल एक साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यातली एक घराबाहेर. शेवटचा भाग आपल्या जिल्ह्यात सगळ्यांत महत्त्वाचा. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे आता एक प्रत आत्याच्या संगणकात, एक पेणला माझ्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर. (हो, पेणचा पेनड्राइव्ह. हा विनोद घराण्यात करून झालाय.) पण कुंडलिका आणि भोगावती एकाच रात्री चढू शकतात, म्हणून तिसरी प्रत इंटरनेटवरच्या साठ्यात.

काही जण म्हणतील, सगळं हल्ली आपोआप वर जातं, मग हा खटाटोप कशाला? तर, जोडलेला साठा हा आरशासारखा असतो. इथे फाइल पुसली की काही दिवसांनी तिथलीही जाते. आणि ते सगळं एका खात्याला बांधलेलं असतं. दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकण्याचा नियम गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केला. गेलेल्या माणसाचं खातं कोण वापरणार? 'इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय गूगलमध्ये २०१३ पासून आहे. आपण बरेच दिवस आलो नाही तर आपल्या खात्यातलं कुणाला द्यायचं, हे तिथे आधीच नोंदवता येतं. मृत्युपत्राचा विषय काढताना आपण चाचरतो, पण याला पाच मिनिटं लागतात. आणि पेनड्राइव्ह संगणकाला कायम खोचून ठेवू नका. वीज कडाडली तर दोन्ही एकत्र जातील. वर्षातून एकदा उघडूनही बघा, ते वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले तर बिघडतात.

पण हे सगळं मीच करत राहिलो तर उपयोग नाही, हे मला निडी आणि रोह्याच्या मध्ये कुठेतरी कळलं. आपण 'संगणक येणारे' नातेवाईक फार उर्मट असतो. दोन मिनिटांत स्वतः करून टाकतो, कारण शिकवायला अर्धा तास लागतो. म्हणून त्या दिवशी मी आत्याच्या हातात वही दिली. मी सांगत गेलो, तिने तिच्या शब्दांत लिहिलं. 'कॉपी-पेस्ट' नाही, तर 'उजवीकडचं बटण दाबून उचलायचं, दुसरीकडे जाऊन ठेवायचं'. तारीख लक्षात राहत नाही म्हणून तिनेच ठरवलं, दर संकष्टीला प्रत काढायची. चंद्रोदयापर्यंत तसंही काही काम नसतं, म्हणाली. :)

तिने आणखी एक गोष्ट सुरू केलीय. फोनवर मराठी बोललं की आपोआप टाइप होतं, ते तिला दाखवलं होतं. नानांच्या न सापडलेल्या गोष्टी ती आता त्यात बोलून ठेवते. नानांसारखी भाषा नाही तिची, आणि मध्येच "थांब, दूध उतू जातंय" हेही टाइप झालेलं असतं. ते मी काढत नाही.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा सवयीने खुर्ची ओढली. आत्या म्हणाली, "तू हात लावू नकोस. नुसतं सांग."

चहा निवेपर्यंत तिने प्रत काढली. मी नुसतं सांगत होतो.