वसतिगृहातील पंगत

जून महिना अर्धा उलटला की सोलापूरच्या एस. टी. स्थानकावर एक निराळी गर्दी दिसू लागते. लोखंडी पेटी, वळकटी, नवी कोरी बादली आणि आईने फडक्यात बांधून दिलेली शेंगांच्या चटणीची बरणी, एवढा संसार घेऊन करमाळा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट अशा तालुक्यांतील मुले वडिलांच्या मागोमाग गाडीतून उतरतात. वसतिगृहाच्या कचेरीत पालकांचे प्रश्न सुरू होतात. खोल्या किती आहेत? एका खोलीत मुले किती? पंखा आहे काय? गेल्या वर्षी दहावीचा निकाल किती लागला? हे प्रश्न गैर नव्हेत. पोटचे मूल परक्या छपराखाली ठेवावयाचे, तेव्हा बापाने चार गोष्टींची चौकशी करावी हे स्वाभाविकच आहे. मात्र एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. येथे मुले जेवावयास कशी बसतात, त्यांना वाढते कोण, आणि उष्टी ताटे घासते कोण? वस्तुतः वसतिगृहाची खरी ओळख ह्याच प्रश्नाच्या उत्तरातून पटते. इमारत पैशाने उभी राहते, निकाल शिकवणीने वाढविता येतो. पंगत मात्र तशी विकत आणता येत नाही.

घरी मूल ज्यांच्या शेजारी जेवते ती सारी त्याचीच माणसे असतात. कोणाला वांगे आवडत नाही, कोण रुसून उपाशी निजला आहे, हे आईला न सांगता कळते. वसतिगृहात पहिल्याच रात्री मुलाच्या उजव्या हाताला एक अनोळखी मुलगा असतो आणि डाव्या हाताला दुसरा. सोलापूर जिल्हा तर बोलीभाषांचा मेळाच आहे. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या अक्कलकोट भागातून आलेला मुलगा झोपेत कानडी बरळतो. माळशिरसकडील मुलाच्या मराठीचा हेल एक, बार्शीकडच्या मुलाचा दुसरा. एकमेकांच्या शब्दांना हसण्यातच पहिले चार दिवस जातात. त्या दिवसांत प्रत्येकजण आपली चटणीची बरणी पेटीत कुलूपबंद ठेवतो. आठवडा उलटला की कुलुपे निघतात, बरण्या ताटाताटांवरून फिरू लागतात, आणि ज्याच्या चटणीत लसूण अधिक, त्याच्या शेजारची जागा पकडण्यासाठी घंटा होताच धावपळ उडते. काही अधीक्षक ह्या धावपळीस बेशिस्त समजतात. समजोत बापडे! त्या धावण्यात मुलांनी एकमेकांना आपले मानले आहे, एवढे त्यांनी ध्यानात घेतले तरी पुरे.

शेजारी बसून जेवणे ही आज एवढी साधी वाटणारी गोष्ट आपल्या समाजात फार काळ साधी नव्हती. इ. स. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात व पुढे लंडनमध्ये विद्याध्ययन करून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. एवढा विद्याव्यासंगी तरुण; परंतु त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर पारशी नाव सांगून त्यांनी पारशी लोकांच्या एका धर्मशाळेत आश्रय घेतला. थोड्याच दिवसांत त्यांची जात उघडकीस आली. काठ्या घेतलेली माणसे दाराशी येऊन उभी राहिली, आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. डोक्यावर छप्पर नसेल तर पदवी हाती असूनही माणसाची कशी दशा होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

म्हणूनच पुढे त्यांनी लोकशिक्षणाचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांची दृष्टी वसतिगृहाकडे वळली ह्यात नवल नाही. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेचे वसतिगृह सुरू झाले ते ह्या सोलापुरात. हायस्कुलात शिकणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी ते होते. मुलांचे कपडे, लेखनसाहित्य आणि जेवण ह्यांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले. आधी शाळाच का काढली नाही, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या काळाच्या परिस्थितीत आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले ह्यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा सर्वांना मोकळ्या कराव्यात असे ठरविले होते. कागदावर शाळेचे दार उघडले होते. परंतु संध्याकाळी शाळा सुटल्यावर खेड्यातून आलेल्या त्या मुलाने जावयाचे कोठे? त्याला खोली भाड्याने कोण देणार, खानावळीत पान कोण मांडणार, तहान लागली तर घागर कोण पुढे करणार? शाळा दिवसाचे सहा तास सांभाळते. उरलेले अठरा तास सांभाळणारे कोणी नसेल तर ते सहा तासही हातचे जातात.

ह्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालविले होते. चाळीस रुपयांच्या साहाय्याइतकीच ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या मुलांना गावोगावच्या शाळांत वर्गाच्या कडेला बसविले जात असे, त्यांच्यासारखीच ही मुले. पण दोन वेळचे अन्न आणि निजावयास हक्काची जागा मिळताच ती लिहू लागली, आपले लेखन इतरांना वाचावयास देऊ लागली. पोट भरले की मुलाचे लक्ष पुस्तकाकडे जाते, आणि कोणी हाकलून देणार नाही अशी खात्री पटली की लेखणीकडे जाते.

ह्याच्या पूर्वी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहांचे मोठे कार्य केले होते. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे व त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. पुढे मुसलमान, लिंगायत आणि इतर समाजांची वसतिगृहे निघाली, आणि १९०८ च्या सुमारास अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते ह्यामुळेच. जातवार वसतिगृहे पाहून आजच्या वाचकाला कदाचित खटकेल. महाराजांना ते खटकत नव्हते असे मानणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. १८९६ मध्ये सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहण्यात आले होते. परंतु मागासलेल्या समाजांतील मुले तेथे टिकेनात आणि लाभ पुढारलेल्यांच्याच पदरी पडला. एका पंगतीत बसविले म्हणजे सारे समान झाले असे होत नाही. ज्याला वाढप्याकडे दुसऱ्यांदा भाकरी मागण्याचा धीर होत नाही तो त्याच पंगतीतून उपाशी उठतो. तेव्हा आधी प्रत्येकाला आपल्या हक्काच्या ताटावर बसविणे महाराजांना अवश्य वाटले. ती पायरी होती. तिलाच कोणी माडी समजून बसले, तर दोष पायरीचा नव्हे.

पायरी ओलांडून पुढे गेलेला मनुष्य कोल्हापूरच्या एका वसतिगृहातूनच निघावा, ही इतिहासाची गंमत म्हणावी लागेल. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील विद्यार्थी असताना जैन वसतिगृहात राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर ‘शुद्ध’ होण्यासाठी स्नान करण्याचे त्यांनी नाकारले; त्यावरून त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. ज्याला पंगतीतून उठविले, त्याने पुढे आयुष्यभर पंगतीच मांडल्या! ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले ह्या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. ज्यांच्या घरांत एकमेकांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या घरांतील मुले येथे एका चुलीवरचे अन्न खात, एका रांगेत निजत. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे, शेतातील कष्ट, सारे मुलांकडेच असे. जातीचा विसर पडावा म्हणून भाऊरावांनी व्याख्याने झोडली असती तर मुले कंटाळून पेंगली असती. त्यांनी एकाला पीठ मळावयास बसविले आणि दुसऱ्याला भाकऱ्या भाजावयास. आपण भाजलेली भाकरी सगळ्यांनी आवडीने खावी एवढीच त्या वयात मुलाची इच्छा असते. ती मळणाऱ्याची जात कोणती, हे विचारावयास त्याला सवड नसते.

ह्या चुलीमागे एक स्त्री उभी होती, तिचे नाव मात्र पुष्कळदा मागे राहते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्या वसतिगृहातील मुलांच्या आई झाल्या. कोठीतील धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मुलांच्या अन्नासाठी काढून दिले, आणि अखेर मंगळसूत्रही ठेवले नाही. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. संस्थांच्या अहवालांत देणगीदारांची नावे रकमेसह छापली जातात. परंतु ह्या देणगीची रक्कम कोणत्या रकान्यात लिहावी?

मुलांनी वसतिगृहात काम करावे, असे म्हटले की आजचे अनेक पालक नाराज होतात. मुलगा शिकावयास आला आहे, भांडी घासावयास नव्हे. त्याचा वेळ अमूल्य आहे. आम्ही त्यासाठी पैसे भरतो, असे ते म्हणतात. ह्या आक्षेपात सत्याचा अंश आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. आचाऱ्याचा पगार वाचविण्यासाठी जे वसतिगृह मुलांना तासन्‌तास राबविते, ते मुलांचे शोषण करते. त्यास स्वावलंबनाचे गोंडस नाव देऊ नये. लहान मुलाच्या हाती तापलेला तवा देणेही शहाणपणाचे नव्हे. परंतु आपले ताट आपण घासणे, आठवड्यातून एकदा पाळीने सर्वांना वाढणे, आपली खोली झाडणे, ह्याला कितीसा वेळ लागतो? अर्ध्या तासाहून अधिक खचित नाही. तेवढा वेळ तर हल्ली हातातील फोन केव्हा गिळतो ते कळतही नाही. शिवाय ज्याने एक दिवस ऐंशी ताटांत आमटी वाढली, त्याला आमटी पातळ झाली म्हणून ताट ढकलून देण्याची लाज वाटू लागते. हा धडा कोणत्याही पुस्तकात घालता येत नाही.

वाढण्याची पाळी सर्वांची सारखी असली पाहिजे, हे मात्र आग्रहाने सांगितले पाहिजे. कारण वसतिगृहात नवीन उतरंड निर्माण होण्यास वेळ लागत नाही. जातीची उतरंड मोडली तर वयाची उभी राहते. थोरली मुले धाकट्यांकडून बिछाने घालून घेतात, कपडे धुवून घेतात आणि ह्या छळास थट्टा म्हणतात. असले प्रकार मोठ्या विद्यालयांतून इतके माजले की महाराष्ट्रात १९९९ मध्ये त्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा हवाच, पण ज्या पंगतीत दहावीचा विद्यार्थी पाचवीच्या मुलाला वाढतो आणि ‘आणखी घे’ म्हणतो, तेथे पोलिसांना येण्याची वेळ क्वचितच येते. नव्याने आलेले लहान मूल पहिल्या काही रात्री पांघरुणात तोंड लपवून रडते. दिवा मालवल्यावर अधीक्षकाला ते ऐकू जात नाही. शेजारच्या खाटेवरील थोरल्या मुलाला जाते. त्याने हाक मारावयाची की कूस बदलावयाची, ह्यावर त्या लहानग्याचे शिक्षण पुष्कळ वेळा अवलंबून असते.

मुलींच्या बाबतीत तर वसतिगृहाचे महत्त्व द्विगुणित होते. सोलापुरात पद्मश्री सुमतीबाई शहा ह्यांनी श्राविकाश्रमाच्या द्वारे मुलींच्या राहण्या-शिकण्याची जी सोय केली, तिची आठवण येथे ठेवली पाहिजे. गावात सातवीपुढे शाळा नाही, आणि रोज दूरच्या गावी जाणे-येणे घरच्यांना मान्य नाही, अशा मुलीपुढे दोनच वाटा असतात : वसतिगृह किंवा बोहले.

आज ह्या पंगतीत एक नवे मूल येऊन बसले आहे. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. आणि कारखान्यांच्या धुराड्यांतून धूर निघू लागला की मराठवाड्यातील व ह्या जिल्ह्यातीलही ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे गाव सोडून फडावर जातात. दिवाळीच्या आगेमागे गेलेली ही माणसे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे शाळेचे बहुतेक वर्ष फडावरच सरते. मूल बरोबर गेले तर शाळा सुटते, मागे राहिले तर चूल विझलेली असते. त्यांच्यासाठी गावोगाव हंगामी वसतिगृहे चालविली जातात, आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने त्यांच्यासाठी स्वतंत्र वसतिगृहांची योजना आखली. जेथे ती चालू असतील तेथे खाटा किती, गाद्या किती, पटावर मुले किती, ह्याची तपासणी होईल, आणि ती झालीच पाहिजे. परंतु आई-बापांचा ट्रक गावाबाहेर पडला त्या रात्री मुलाला भाकरी मोजून वाढली की पोटभर, वाढणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक होते की नाही, आणि शेजारी बसलेला मुलगा त्याच्याशी एक शब्द तरी बोलला काय, ह्यासाठी तपासणीच्या छापील तक्त्यात रकाना नसतो. तो भरून काढावयाचा असेल, तर तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने फलकावरील वेळापत्रक उतरवून घेण्याऐवजी, आगाऊ सूचना न देता, ताट घेऊन मुलांच्या पंगतीत शेवटच्या जागेवर बसावे आणि आपल्यापर्यंत भाजी पोहोचते की नाही ते पाहावे.