आहेरातला रेशमी टाय



लग्नसराई जवळ आली की पुरुषमंडळींना आहेर काय द्यावा, हा प्रश्न घरोघरी निघतो. हल्ली त्याचे तयार उत्तर म्हणजे एक देखणे खोके: रेशमी टाय, त्याच रंगाचा खिशातला रुमाल आणि कफलिंक्स. गेल्या महिन्यात माझा पुतण्या असे खोके घेऊन आला. मुलीच्या लग्नात व्याह्यांकडील २५ पुरुषांना तो ते देणार होता. "काका, रंग कसा वाटतो?" एवढेच त्याला विचारायचे होते. मी टाय उलटा केला. मागच्या पट्टीवर 'शंभर टक्के सिल्क' असे लिहिले होते.

रेशमाचा धागा तुतीच्या पानांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशातून निघतो. पतंग कोश फोडून बाहेर पडला तर सलग धागा तुटतो. म्हणून आतला जीव वाफेने वा उष्ण हवेने आधीच मारला जातो. एका टायला साधारण १०० कोश लागतात. म्हणजे २५ खोक्यांत नुसत्या टायपायी अडीच हजार जीव. बँकेत मी आयुष्यभर आकडेमोड केली आणि असाच टाय वर्षानुवर्षे बांधलाही. पण हा हिशेब कधी मांडला नाही, हे कबूल केले पाहिजे.

शास्त्रकारांनी हिंसेची तीन खाती सांगितली आहेत: कृत, कारित आणि अनुमोदित. रेशीम विकत घेणारा 'कारित'मध्ये येतो. आणि ते आहेरात दिले की घेणाऱ्यालाही आपण नकळत अनुमोदनात ओढतो.

"पण काका, विसार दिला आहे. शिवाय व्याही काय म्हणतील?" दोन्ही शंका खऱ्या होत्या. दुकानदाराने माल बदलून दिला, मात्र विसारातील काही रक्कम बुडाली. पाच खोकी आधीच पोहोचली होती. ती परत मागता येईनात. पुतण्याने व्याह्यांना स्वतः कारण सांगितले. ते क्षणभर थांबले व म्हणाले, "आमच्या घरातही हे आजवर कोणी विचारले नव्हते."

खरेदी करणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. सुती व लिननचे टाय मिळतात आणि शोभतातही. 'आर्ट सिल्क' म्हणजे कृत्रिम रेशीम, बहुधा रेयॉन. शंका आल्यास कापडाचा एक धागा जाळून पाहावा: जळक्या केसांचा वास आला तर रेशीम, जळक्या कागदाचा आला तर सुती वा रेयॉन, वितळून कठीण मणी झाला तर पॉलिएस्टर. कफलिंक्स शिंपल्याच्या आणि सोबतचे पाकीट वा पट्टा चामड्याचा नाही, हेही पाहावे. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशांपासून 'अहिंसा सिल्क' तयार केले; परंतु त्या नावाने माल घेताना तो कोठून आला याची खात्री करून घ्यावी.

आणि टायच हवा असे तरी कोठे आहे? भौगोलिक निर्देशांक लाभलेली सोलापुरी चादर आपल्याच गावी विणली जाते. ती सुती आहे, वर्षानुवर्षे टिकते, आणि देताना मनात कसलीही बाकी राहत नाही.