हेडफोनमधील खरखर आणि म्हैसूरचा जुना धडा

म्हैसूरला कानांचे शहर म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. वीणावादनाची थोर परंपरा येथील दरबाराने जोपासली. १९३५ साली मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी येथेच एक खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाचे झाले. १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था याच शहरातील मानसगंगोत्री परिसरात आहे. महागड्या हेडफोनमधील खरखरीविषयी आज ग्राहकांत आणि विक्रेत्यांत जो गोंधळ दिसतो, त्याचे उत्तर अशा संस्थांतून शिकवल्या जाणाऱ्या श्रवणशास्त्रात केव्हापासूनच आहे. बाजाराने मात्र ते अजून वाचलेले नाही.

गोंधळ असा. एखादा रसिक तीस-चाळीस हजारांचा इअरफोन घेतो. वीणेचा झंकार विरत जातो आणि दोन स्वरांमधल्या शांततेत एक बारीक ‘सीऽऽ’ ऐकू येऊ लागते. रसिक इअरफोन बदलून घेतो; आवाज तसाच. मग कोणी सल्ला देतो की अधिक ताकदीचा ॲम्प्लिफायर घ्यावा. तो आणल्यावर ‘सी’ वाढते! स्वस्त इअरफोनवर जे ऐकू येत नव्हते, ते महागड्यावर येते, हे पाहून फसवणूक झाल्याची भावना होते. प्रत्यक्षात उपकरणे दोन्ही निर्दोष असू शकतात. दोष त्यांच्या जोडीत असतो.

प्रत्येक विद्युत्‌रोधात इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीमुळे सूक्ष्म कोलाहल असतोच. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी तो अनुक्रमे मोजला आणि सिद्धान्तात बसवला. त्यांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. ३२ ओहमच्या हेडफोनचा स्वतःचा असा कोलाहल, खोलीच्या तापमानाला आणि श्राव्य पट्ट्यात, सुमारे ०.१ मायक्रोव्होल्ट भरतो. चांगल्या ॲम्प्लिफायरच्या निर्गमावर तो ५ मायक्रोव्होल्ट असू शकतो, म्हणजे पन्नास पट. आता एक व्होल्टला १३० डेसिबल देणाऱ्या संवेदनशील इअरफोनला हे ५ मायक्रोव्होल्ट मिळाले, तर कानाशी सुमारे २४ डेसिबलचा आवाज पोहोचतो. रात्रीच्या शांत खोलीत तो स्पष्ट ऐकू येतो. त्याच ॲम्प्लिफायरला एक व्होल्टला १०३ डेसिबल देणारा ३०० ओहमचा मोठा हेडफोन जोडला, तर तोच कोलाहल शून्याच्याही खाली, उणे ३ डेसिबलवर जातो. यंत्र तेच, एका कानाला सदोष, दुसऱ्याला निर्मळ.

विजोडपणाचा दुसरा प्रकार याहून फसवा आहे, कारण त्यात खरखर नसते, स्वरच बदलतो. अनेक इअरफोनांचा इम्पिडन्स वारंवारतेनुसार बदलतो: कुठे ८ ओहम, कुठे ४०. ॲम्प्लिफायरचा निर्गम-इम्पिडन्स १० ओहम असेल, तर या दोन ठिकाणांच्या पातळीत सुमारे ५ डेसिबलचा फरक पडतो. तोच १ ओहम असेल, तर फरक १ डेसिबलहूनही कमी राहतो. म्हणून निर्गम-इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. खरखर दाबण्यासाठी मध्ये नुसता रोध जोडणारे नेमके हेच विसरतात. खरखर जाते आणि तिच्याबरोबर मूळ स्वरही जातो.

निदानासाठी प्रयोगशाळा लागत नाही; क्रम पाळावा लागतो. गाणे थांबवून आवाजाची खुंटी फिरवावी. खरखर खुंटीबरोबर वाढली-घटली, तर उगम ॲम्प्लिफायरच्या आधी आहे. तशीच राहिली, तर निर्गम-टप्प्यात. खरखरीऐवजी खोल घुमणारा आवाज असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. तो थांबला, तर ती वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटींची घुसखोरी आहे, बहुधा अर्थिंगच्या वळशातून आलेली. माउस हलवताच चिरका आवाज बदलत असेल, तर संगणक दोषी. निर्गम-टप्प्याचीच खरखर असेल, तर ॲम्प्लिफायरचा गेन कमी करावा किंवा दोन रोधांचा योग्य क्षीणक वापरावा; २० डेसिबलचा क्षीणक कोलाहल दहापट घटवतो. नवा हेडफोन घेणे हा या यादीतला शेवटचा उपाय होय.

या क्रमात एक पायरी मात्र सर्वांत आधी हवी आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही. हेडफोन काढून शांत खोलीत दोन मिनिटे बसावे. ‘सी’ तरीही ऐकू येत असेल, तर ती यंत्रात नाही. तो कर्णनाद असू शकतो, आणि त्याचा पत्ता दुकान नव्हे, श्रवणतज्ज्ञ आहे. यंत्रे बदलत राहण्यात गेलेले महिने तेथे महाग पडू शकतात. दुसरा धोकाही खरा आहे. खरखर बुजवण्यासाठी माणूस गाणे मोठे करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. केवळ ६ डेसिबल वाढवले, तरी ४० तासांचे १० उरतात.

श्रवणचाचणीच्या खोलीत हा घोळ होऊ दिला जात नाही. तेथे ऑडिओमीटर आणि त्याचा हेडफोन यांची जोडीने अंशशोधणी होते. हेडफोन बदलला की अंशशोधणी पुन्हा करावी लागते, कारण ‘हेडफोनचा आवाज’ अशी स्वतंत्र गोष्टच नसते. बाजार मात्र दोघांना वेगवेगळ्या खोक्यांत विकतो आणि जोडी जमवण्याचा भार ग्राहकावर टाकतो.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या, फोनच्या आणि डोंगलच्या खोक्यावर दोन आकडे छापणे भारतात बंधनकारक व्हावे: निर्गम-इम्पिडन्स ओहममध्ये आणि निर्गम-कोलाहल मायक्रोव्होल्टमध्ये. हेडफोनच्या खोक्यावर प्रतिव्होल्ट संवेदनशीलता असावी. आकड्यांनी संगीताची गोडी मोजता येत नाही, हा आक्षेप खरा. पण खरखर ही गोडी नव्हे. ग्राहकाला हे कळणार नाही, हा दुसरा आक्षेप तर ग्राहकाचा अपमान आहे. ज्या देशात फ्रिजवरचे तारे आणि बल्बचे वॅट पाहून खरेदी होते, तेथे हे दोन आकडेही लोक पाहू लागतील. तोवर पाकीट उघडण्यापूर्वी हेडफोन काढून दोन मिनिटे शांतता ऐकावी. ही चाचणी फुकट आहे.