बसल्या जागेची यात्रा

व्यापारी घरातील प्रवासाची हौस ही बहुधा पुढे ढकललेली हौस असते. हंगाम संपला की जाऊ, वर्षाचे हिशेब मिटले की जाऊ, मुलगा गादीवर बसू लागला की जाऊ, असे म्हणता म्हणता वर्षे सरतात. खरोखर सवड मिळते तेव्हा गुडघे साथ देत नाहीत, किंवा घरात अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस असते आणि त्याच्या उशाशी बसणाऱ्या सुनेचेही पाय बांधले जातात. मग ती हौस दोनांपैकी एका वाटेने जाते. एक तर माणूस ‘आता काय राहिले आहे?’ म्हणून तिचे नाव टाकतो, नाही तर दुसऱ्याच्या प्रवासाची वार्ता ऐकून मनातल्या मनात कुढत राहतो.

मर्यादेची ओळख जैन समाजाला नवी नाही. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी दिग्व्रतात कोणत्या दिशेला कुठवर जावयाचे याची सीमा माणूस स्वतः आखून घेतो. एरवी पायी विहार करणारे साधू-साध्वी जीवहिंसा टळावी म्हणून पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी राहतात. तथापि, स्वतः आखलेली मर्यादा आणि परिस्थितीने लादलेली मर्यादा या दोन्ही एक नव्हेत. पहिलीत समाधान असते, दुसरीत कुचंबणा. अडकून पडलेल्या माणसाला ‘हेच आपले व्रत समजा’ असे सांगणे सोपे असते. पण सांगणारा पुष्कळदा स्वतःची बॅग भरूनच उभा असतो.

अशा माणसांसाठी उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडणारी एक वस्तू परंपरेनेच निर्माण केली आहे. ती म्हणजे तीर्थपट. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. त्या दिवशी पालिताण्याला यात्रेकरूंची रीघ लागते. आणि ज्यांना तेथे पोहोचता येत नाही असे श्वेतांबर मूर्तिपूजक भाविक आपापल्या गावी मांडलेल्या शत्रुंजयाच्या पटासमोर वंदन करतात. या उपासनेला भावयात्रा म्हणतात.

जुना पट नीट पाहिला तर तो केवळ चित्र नाही, वाटेचा नकाशा आहे, हे ध्यानात येते. पायथ्याची तळेटी, वळणे घेत वर जाणारी वाट, चढणारी माणसे, कुंडे, डोंगरावरील कोट आणि द्वारे, मंदिरांचे समूह, आदीश्वर दादांचे मुख्य मंदिर आणि रायणवृक्ष हे सारे त्यात आपापल्या जागी असते. प्रत्यक्ष डोंगरावर साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. पटासमोर बसलेल्याने तेवढ्या मोजाव्यात असे नाही. परंतु नजर तळेटीपासून निघून एकेक टप्पा घेत वर गेली पाहिजे. शिखरावर एकदम दृष्टी टाकली तर दर्शन होईल, यात्रा होणार नाही. घरबसल्या प्रवासाचे सारे मर्म या क्रमात आणि तपशिलात आहे. ‘एकदा काश्मीर पाहायचे होते’ ही नुसती खंत मनाला पोखरते. उलट, एखादी वाट कोठून निघते, कोणती नदी ओलांडते, कोणत्या घाटाने चढते, हे जाणून घेण्याचा नाद लागला की मन त्या वाटेवर चालू लागते.

हाच नाद एका थोर तत्त्वचिंतकाने आयुष्यभर जोपासला होता. इमॅन्युएल कान्ट १७२४ मध्ये प्रशियातील क्योनिग्सबर्ग या गावी जन्मला आणि १८०४ मध्ये तेथेच वारला. आपल्या प्रांताबाहेर तो कधी गेला नाही. तरीही १७५६ पासून सुमारे चाळीस वर्षे तो विद्यापीठात प्राकृतिक भूगोल शिकवीत होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचे त्याने एकदा इतके बारकाईने वर्णन केले की, ऐकणाऱ्या इंग्रज माणसाने ‘आपण लंडनमध्ये किती वर्षे होतात?’ असे विचारले, अशी आठवण त्याच्या चरित्रात नोंदलेली आहे.

हे ज्ञान त्याला काही अंशी प्रवासवर्णनांतून मिळाले, आणि काही अंशी व्यापाऱ्यांकडून. क्योनिग्सबर्ग हे व्यापाराचे बंदर होते. जोसेफ ग्रीन नावाचा इंग्रज व्यापारी कान्टचा जिवलग मित्र होता. त्याच्या घरी कान्टचे नित्य जाणेयेणे असे. आपली शिल्लकही त्याने ग्रीनच्या पेढीत गुंतविली होती. १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात त्याने लिहून ठेवले आहे की, सागरी व्यापार, विद्यापीठ आणि नाना देशांच्या लोकांची ये-जा असलेल्या अशा शहरात प्रवास न करताही जगाचे व माणसांचे ज्ञान मिळविता येते.

व्यापारी कुटुंबांनी हा विचार विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. किराण्याच्या दुकानात एका जागी बसलेल्या माणसाभोवती केवढा भूगोल रचून ठेवलेला असतो! जिरे उंझ्याचे, हळद सांगलीची, मिरची गुंटूरची किंवा ब्याडगीची, सुपारी शिमोग्याची, बेदाणा तासगावचा. पोत्यावरचे नाव वाचून दर ठरविणे हा धंदा झाला. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे का खणली गेली, शिमोग्याची ओली सुपारी सोलून, उकळून, वाळवून बाजारात कशी येते, माल घेऊन आलेल्या ट्रकचालकाला वाटेत कोणता घाट लागला, ही चौकशी करणे हा प्रवास झाला. दिवसातून एका पोत्यामागची वाट विचारली तरी गादीवर बसलेला माणूस वर्षभरात पुष्कळ देश हिंडून येईल.

येथे एक शंका रास्त आहे. हे सारे म्हणजे मनाची समजूतच नव्हे का? ती काही प्रमाणात आहेच. चढणीवर लागलेली धाप, अनोळखी गावातल्या पहाटेचा गारवा, सहप्रवाशाने पुढे केलेला दशमीचा तुकडा यांची जागा कोणताही पट घेऊ शकत नाही. मोबाइलवर एकामागून एक सरकणारी स्थळांची दृश्ये तर ती मुळीच घेऊ शकत नाहीत. त्यांत पाहणाऱ्याला काही शोधावे लागत नाही, म्हणून काही उरतही नाही. घरबसल्या केलेल्या प्रवासाने प्रत्यक्ष प्रवासाची भरपाई होत नाही. मात्र त्यामुळे जिज्ञासा शाबूत राहते. पुढे कधी वाट मोकळी झालीच, तर अशा माणसाला काय पाहावे हे ठाऊक असते. आणि नाही झाली, तरी त्याच्या बोलण्यात कडवटपणा येत नाही.

यातील अर्धी जबाबदारी घरी बसलेल्याची असली, तरी उरलेली अर्धी जाऊन आलेल्याची आहे. पट हा एका अर्थी, ज्यांनी डोंगर पाहिला त्यांनी न पाहिलेल्यांना दिलेला हिशेबच आहे. आज घरोघरी हाच हिशेब चुकतो. सम्मेतशिखरजीहून किंवा सिंगापूरहून परतलेली मुले आजोबांसमोर मोबाइल धरतात, शंभर छायाचित्रे दोन मिनिटांत सरकवतात आणि ‘मस्त झाले’ एवढ्यावर प्रवास संपवितात. आजोबांच्या हाती काय आले? एखाद्या दुकानाचा माल कोणी असा मोघम दाखविला असता, तर तेच आजोबा त्याला पुन्हा नोंदवहीसमोर बसवितील.

पूर्वी यात्रेहून परतलेल्या माणसाभोवती घर जमत असे. गाडी किती वाजता पोहोचली, धर्मशाळेत पाणी कसे होते, डोलीवाल्याने काय घेतले, कोणत्या वळणावर पाय थकले, हे सारे प्रश्न विचारले जात आणि सांगणारा न कंटाळता सांगे. ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्यातून एक सबंध यात्रा मिळत असे. ही रीत पुन्हा सुरू करण्यास खर्च नाही. सहलीला निघणाऱ्याने घरी राहणाऱ्याला निघण्यापूर्वीच विचारावे, ‘तुमच्यासाठी तिथे काय पाहून येऊ?’ मग त्याने सांगितलेली एक गोष्ट, एखादी पायरी, एखादे झाड, एखादा बाजार, मन लावून पाहावी. आणि परतल्यावर मोबाइल खिशात ठेवून, त्याच्या पलंगाशेजारी बसून, ती पहिल्यापासून सांगावी.