डिस्क काढण्याआधी रिकव्हरी की

दिवाळीनंतर रॅमपाठोपाठ एसएसडीचेही भाव चढले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. डेटा सेंटरच्या मागणीपुढे आपल्या काउंटरवरच्या ग्राहकाचा नंबर शेवटी लागणार, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. त्याआधी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला होता. त्यामुळे ग्राहक आता नवा बोर्ड आणि प्रोसेसर घेतो, पण सांगतो, “डिस्क जुनीच लावा, विंडोजही तीच राहू द्या.” मागणी रास्त आहे. स्मार्ट रिपोर्ट स्वच्छ असलेली एनव्हीएमई डिस्क बाजूला टाकण्याचे काहीच कारण नाही.

या कामात बूटच्या अडचणी येतात, पण त्या आपले सभासद सोडवतात. एमबीआरची डिस्क आणि सीएसएम नसलेला बोर्ड, व्हीएमडी चालू राहिल्याने न सापडणारा ड्राइव्ह, यांवर याच पानांतून पुष्कळ लिहून झाले आहे. सध्या तक्रारींचा ओघ आहे तो वेगळ्याच पडद्याबद्दल. डिस्क नव्या बोर्डावर लागते, संगणक सुरू होतो आणि बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ग्राहक म्हणतो, “मी तर कधी पासवर्ड टाकलाच नव्हता.” तो खरेच बोलत असतो.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून क्लीन इन्स्टॉल केले आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले, की बहुतेक यंत्रांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होते, घरगुती आवृत्तीतसुद्धा. डिस्क उघडणारी की जुन्या बोर्डाच्या टीपीएममध्ये अडकलेली असते. बोर्ड बदलला की टीपीएम बदलला. मग उरते ती खात्यात जमा झालेली रिकव्हरी की. पण ते खाते कोणाचे?

दुखणे इथे आहे, आणि ते आपल्याच दुकानांतले आहे. डिलिव्हरीच्या घाईत सेटअप खाते मागतो, ग्राहकाला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही, म्हणून टेक्निशियन दुकानाचा आयडी टाकून मोकळा होतो. कोणी त्याच वेळी नवा आयडी बनवतो आणि कुठे लिहूनही ठेवत नाही. पुढे ग्राहक स्वतःचे खाते जोडतो, पण की पहिल्याच खात्यात राहते. काही वर्षांनी बोर्ड जातो. तोवर तो टेक्निशियन नोकरी सोडून गेलेला असतो, आणि आयडीला जोडलेला मोबाइल नंबर बंद झालेला असतो. हरवलेली की पुन्हा तयार करून देता येत नाही, असे मायक्रोसॉफ्ट स्वच्छ सांगते. कर सल्लागाराच्या अशिलांच्या फायली किंवा फोटोग्राफरचे लग्नसराईचे काम डिस्कवर शाबूत असते, पण कोणाच्याच हाती लागत नाही. अशा वेळी “फॉरमॅट मारून देतो” म्हणणाऱ्याला आम्ही कारागीर मानत नाही.

सोपी पळवाट म्हणून काही सभासद प्रत्येक यंत्रावर एन्क्रिप्शन कायमचे बंद करून देतात. तेही चूक आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर ग्राहकाची सगळी कागदपत्रे चोराच्या हातात जातात.

लायसन्सबाबतही तोंडी आश्वासने थांबवा. ब्रँडेड यंत्रातले ओईएम लायसन्स त्याच्या मूळ बोर्डाशी बांधलेले असते. नव्या बोर्डावर ते चालेल असे सांगणे ही फसवणूक आहे. रिटेल लायसन्स जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येते. यातले कोणते आहे ते आधी पाहा आणि नव्या लायसन्सची किंमत कोटेशनमध्येच लिहा. स्क्रिप्ट चालवून ‘ॲक्टिव्हेट’ करून देणाऱ्यांची या व्यवसायाला गरज नाही.

जुनी डिस्क नव्या यंत्रात लावायची असेल तर क्रम असा ठेवा. जुना संगणक चालू असतानाच मॅनेज-बीडीई स्टेटस पाहा. एन्क्रिप्शन असेल तर रिकव्हरी की काढून ग्राहकाच्या हाती द्या, बॅकअप घ्या, डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. वेळ लागतो, तो ग्राहकाला आधी सांगा आणि त्याचे पैसे घ्या. मगच स्क्रू काढा. नव्या यंत्रावर विंडोज स्थिरावले की ग्राहकाच्या स्वतःच्या खात्याने, त्याच्यासमोर, एन्क्रिप्शन पुन्हा चालू करा. विंडोज १० तसेच ठेवायचे असेल, तर घरगुती ग्राहकाला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळतील, हे जॉब कार्डावर नोंदवा. जुना संगणक बंदच पडलेला असेल, तर की हाती आल्याशिवाय काम स्वीकारल्याची पावती देऊ नका.

पण पुढची कामे सुधारून भागणार नाही. आपल्या हातून गेलेली यंत्रे आज लोकांच्या घरात आणि कचेऱ्यांत चालू आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या की आपल्या खात्यांत पडून आहेत. तेव्हा सर्व सभासदांना कळकळीची विनंती आहे: या महिन्यात दुकानाच्या नावाने उघडलेल्या प्रत्येक खात्यात लॉग-इन करा. तिथल्या कीजची यादी काढा, यंत्राचे नाव आणि की जमा झाल्याची तारीख जॉब कार्डांशी ताडून पाहा, आणि ग्राहकाला फोन करून त्याची की त्याच्या हवाली करा. त्याचा बोर्ड चालू आहे तोवरच हे काम विनासायास होणार आहे.